जांभ्याच्या घराचा रेंडर खरा वाटावा म्हणून: उन्हाच्या दिशेपासून पागोळीच्या रेघेपर्यंत

घराचं थ्रीडी मॉडेल नकाशाप्रमाणे आहे, मापं बरोबर आहेत, टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) चांगल्या प्रतीची आहेत, आणि तरीही रेंडर, म्हणजे त्यावरून संगणकाने काढलेलं चित्र, पाहताक्षणी कळतं की हे घर संगणकातलं आहे. ही अडचण घेऊन येणारी बहुतेक मुलं आधी सेटिंगचं विचारतात: सॅम्पल (दर पिक्सेलला प्रकाश किती वेळा मोजायचा तो आकडा) किती ठेवू, डीनॉइझर (चित्रातला दाणेदारपणा पुसणारं साधन) कोणता वापरू. माझा अनुभव असा, की सॅम्पल वाढवल्याने खोटं चित्र स्वच्छ होतं, खरं होत नाही. चित्रातल्या गोष्टींमागे कारण नसलं की ते खोटं वाटतं. त्या गावात ज्या दिशेने ऊन कधीच येत नाही तिथून ते येत असतं. भिंतीवर डाग असतो, पण तिथवर पाणी पोचायला वाट नसते. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळ्याला खुपतं.

म्हणून इथे एकच घर घेऊन सगळं काम पायरीपायरीने करू. रत्नागिरीजवळचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, गिलावा न केलेलं, मंगलोरी कौलांचं बैठं घर. तोंड पूर्वेला, दर्शनी बाजू साधारण ४५ फूट, पुढे पडवी आणि अंगण. मी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिन वापरतो, त्यामुळे नावं तिथली येतील. पण इतर सॉफ्टवेअरमध्येही हीच साधनं थोड्या वेगळ्या नावांनी असतात.

आधी कॅमेरा, आणि तो मग हलवायचा नाही

कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून दीड ते पावणेदोन मीटरवर ठेवा. सेन्सर ३६ मिमी रुंद धरला तर लेन्स २४ ते ३५ मिमीच्या दरम्यान ठेवा. या घरासाठी मी २८ मिमी घेतो आणि १४ मीटर मागे जातो. तिथून चौकटीत सुमारे १८ मीटर रुंदी मावते: पूर्ण घर आणि दोन्ही बाजूंना थोडी झाडं. घर मावत नाही म्हणून १६ मिमीची लेन्स लावू नका. पडवीचे टोकाचे खांब ताणले जातात आणि कोकणातलं बसकं घर लांबलचक गोदामासारखं दिसू लागतं. त्यापेक्षा मागे जा, आड येणारं कुंपण लपवा.

उभ्या रेषा उभ्याच हव्यात. त्यासाठी कॅमेऱ्याचा एक्स कोन बरोबर ९० अंश ठेवायचा आणि वरचं आढं चौकटीत आणायला कॅमेरा वर न वळवता शिफ्ट वाय (चौकट वर सरकवणारा आकडा) वाढवायचा. वास्तूंचे छायाचित्रकार शिफ्ट लेन्सने हेच करतात.

मागची झाडं धूसर करण्याचा मोह फार जणांना होतो. हिशेब करून पाहा: २८ मिमी लेन्स, छिद्र एफ ८, फोकस सव्वातीन मीटरवर. एवढ्यावर साधारण पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. खऱ्या कॅमेऱ्यात या अंतरावर घराची मागची बाजू धूसर होतच नाही. ती केलीत की घर टेबलावरच्या छोट्या प्रतिकृतीसारखं दिसतं, कारण इतकं धूसर फक्त जवळून काढलेल्या लहान वस्तूंच्या फोटोत दिसतं.

कॅमेरा ठरला की आणखी एक आकडा काढून वहीत लिहून ठेवा. १८ मीटर रुंदी ३८४० पिक्सेलमध्ये बसवायची, म्हणजे एक पिक्सेल जवळपास पाच मिलिमीटरचा. याहून बारीक गोष्टींचं मॉडेल करण्यात रात्री घालवू नका. दाराच्या कडीचा स्क्रू या चित्रात दिसणार नाही. चिऱ्यांमधला दर्जा (सांधा), कौलाची जाडी, रिपेची कड मात्र दिसणार आहे.

ऊन: गावाचं, महिन्याचं, वेळेचं

माझ्या हिशेबी निम्मं काम इथेच होतं, म्हणून इथे घाई करू नका.

रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंशांच्या रेखांशावर चालतं, म्हणून रत्नागिरीत सूर्य सरासरी साडेबाराच्या पुढे, १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास मध्यावर येतो. २१ डिसेंबरला भर दुपारीही तो ५० अंशांच्या वर चढत नाही आणि दक्षिणेला झुकलेला असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो डोक्यावरून जातो आणि पुढे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. थोडक्यात, कोकणातल्या घराची उत्तरेकडची भिंत वर्षभर सावलीत नसते. युरोपातले धडे बघून शिकलेली मुलं उत्तर बाजू कायम निळसर सावलीत रंगवतात, ते इथे चुकतं.

ब्लेंडरचं सन पोझिशन हे ॲड-ऑन अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि उत्तर दिशा घेऊन सूर्य जागेवर बसवतं. त्यात नुसती दिशा भरून थांबू नका, वेळ बदलून बघा. आपल्या घराची पागोळी, म्हणजे छपराची कड, भिंतीपुढे तीन फूट आलेली आहे असं धरू. डिसेंबरअखेर सकाळी साडेआठला सूर्य सुमारे १८ अंश उंच, आग्नेयेच्याही थोडा पूर्वेकडे असतो. पागोळीची सावली भिंतीवर जेमतेम फूटभर उतरते आणि सगळी भिंत उजळलेली दिसते. त्याच दिवशी अकराला सूर्य ४३ अंशांवर आणि बराच दक्षिणेला सरकलेला असतो; आता तीच सावली साडेपाच फूट खाली येते आणि खालच्या भागावर ऊन तिरकं घासत जातं. चिऱ्याची भोकं आणि दर्जे या घासत जाणाऱ्या उन्हात उठून दिसतात. मी बहुतेकदा दहाच्या आसपासची वेळ घेतो: सावली भिंतीच्या मध्यापर्यंत येत नाही आणि जांभ्याचा पोतही लपत नाही.

सूर्याची कोनीय रुंदी सुमारे अर्धा अंश असते. ती तेवढीच ठेवा. शून्य ठेवली तर सावलीची कड ब्लेडने कापल्यासारखी येते. अर्ध्या अंशाला दाराच्या चौकटीची सावली कडक राहते, पण दहा मीटर उंच माडाच्या झावळीची सावली अंगणात पडताना कडेला निदान नऊ-दहा सेंटिमीटर पसरून मऊ होते. एकाच चित्रात कडक आणि मऊ अशा दोन्ही सावल्या आल्या की ऊन पटतं.

स्वच्छ दिवशी थेट उन्हाचा प्रकाश नुसत्या आकाशाच्या प्रकाशापेक्षा ढोबळमानाने पाचपट किंवा अधिक असतो. सावल्या काळ्या वाटतात म्हणून आकाशाचा प्रकाश दुप्पट-तिप्पट करण्याची सवय असेल तर सोडा. त्याने भिंत सपाट होते. स्काय टेक्स्चर (ब्लेंडरचं तयार आकाश) वापरत असाल तर सूर्य आणि आकाश यांचं प्रमाण ते स्वतःच सांभाळतं; चित्र पांढरं पडलं तर एक्स्पोजर खाली आणा. किनाऱ्यावर हवेत ओल असते, म्हणून हवेतल्या धुळीचा आकडा थोडा वाढवला तरी चालतो. एचडीआरआय (प्रकाश देणारे खऱ्या आकाशाचे गोलाकार फोटो) घेत असाल तर पॉली हेवन या संकेतस्थळावर मोफत आणि कुठल्याही अटीविना मिळतात, पण त्यातला सूर्य किती उंच आहे ते आधी बघा. थंड देशातल्या कुरणावरचं आकाश रत्नागिरीच्या घरामागे लावलं तर ऊन आणि क्षितिज दोन्ही परके दिसतात.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांकडून राहते. कॅमेऱ्यात न दिसणारी जमीनही प्रकाश परतवते. अंगण लाल मातीचं असेल तर पागोळीखालचे वासे आणि रिपा खालून तांबूस उजळतात. चौकटीबाहेर राखाडी प्लेन सोडून दिलात तर तीच लाकडं राखाडी उजळतात आणि छताची खालची बाजू मेल्यासारखी दिसते. म्हणून जमीन कॅमेऱ्याच्या मागेही वीस-पंचवीस मीटर न्या, तिला खरा रंग द्या, आणि कॅमेऱ्यामागे दोन-चार झाडं उभी करा. त्यांच्या सावल्या अंगणात येतील आणि काचेत त्यांचं प्रतिबिंबही पडेल.

या टप्प्यावर सगळ्या वस्तूंना एकच फिकट राखाडी मटेरियल देऊन एक रेंडर काढा. तो आधीच खरा वाटला नाही तर पुढची टेक्स्चर त्याला वाचवणार नाहीत. कलर मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे प्रकाशाचे आकडे पडद्यावरच्या रंगांत बदलणाऱ्या सेटिंगमध्ये, एजीएक्स ठेवा, ब्लेंडर ४.० पासून तेच आपोआप येतं. जुनी फाइल स्टँडर्डवर असेल तर उन्हातला जांभा भडक केशरी होऊन तुटतो, आणि मग आपण विनाकारण टेक्स्चरचा रंग मारत बसतो.

रंगांचे आकडे

जगात पूर्ण पांढरं काही नसतं. ताजा चुना लावलेली भिंतसुद्धा पडलेल्या प्रकाशाच्या ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकते. म्हणून बेस कलर (मटेरियलचा मूळ रंग, ० काळा ते १ पांढरा) ०.८ च्या वर नको आणि काळ्यासाठी ०.०३ च्या खाली नको. डांबर ०.०५ ते ०.१, जांभा सरासरी ०.२ च्या आसपास. हिरवी पानं आपल्याला वाटतात त्याहून बरीच गडद असतात. पुस्तकात गवताचा परावर्तनांक ०.२५ सापडेल, पण त्यात डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भागही मोजलेला असतो. दिसणाऱ्या प्रकाशात पान ०.१ च्या आसपासच असतं. झाडं पोपटी आणि प्लॅस्टिकची दिसण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण म्हणजे पानातून प्रकाश आरपार येतो हे विसरणं. ट्रान्सल्युसंट शेडर मिसळा, त्याचा रंग वरच्या बाजूपेक्षा पिवळसर ठेवा. सूर्याच्या आड आलेलं केळीचं पान लगेच जिवंत होईल.

रफनेस (खरखरीतपणा) आणि नॉर्मल मॅप (उंचसखलपणा दाखवणारं चित्र) नॉन-कलरवर ठेवा, म्हणजे ते रंग म्हणून वाचले जाणार नाहीत. नॉर्मल मॅप डायरेक्टएक्स पद्धतीचा असेल तर त्यातला हिरवा चॅनल उलटा करा, कारण ब्लेंडरला ओपनजीएल पद्धत लागते. तो उलटा राहिला तर चिऱ्यातली भोकं आत जाण्याऐवजी फोडांसारखी वर येतात आणि भिंत आजारी दिसते.

चिरा खाणीतून काढला तेव्हा मऊ आणि फिकट असतो. हवा लागून तो कडक होतो आणि पुढे काळवंडतो. त्यामुळे एका भिंतीतले सगळे चिरे एका रंगाचे नसतात. प्रत्येक चिरा सुटी वस्तू म्हणून बनवला असेल तर ऑब्जेक्ट इन्फो या नोडच्या (मटेरियल बनवताना जोडायच्या ठोकळ्याच्या) रँडममधून रंगात थोडा फरक पाडा, आणि फरक गडद-फिकटपणात जास्त, छटेत कमी ठेवा. एकच टेक्स्चर सगळ्या भिंतीवर लावलं असेल तर एकच ओळखीचं भोक दर दोन मीटरला परत दिसतंय का ते शोधा. दिसलं तर दोन मोजमापांची तीच टेक्स्चर एका मोठ्या नॉइझने मिसळा. चिऱ्याचे कोपरे पाच ते दहा मिलिमीटर गोल करा. वस्तऱ्यासारखी कड जांभ्याला कधीच राहत नाही, वाहतुकीतच झडते.

पाणी

काही वर्षांपूर्वी असाच एक रेंडर घेऊन मी घरमालकांकडे गेलो होतो. सगळ्यांनी छान म्हटलं. त्यांच्या आई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "अरे, ह्या घरावर अजून पाऊस पडलेला नाही वाटतं." मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. परत येऊन मी चार दिवस गावातली घरं बघत हिंडलो आणि फक्त पाण्याच्या खुणा टिपल्या. आजही कुठल्याही घराचं काम घेतलं की मी आधी हेच करतो.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. पन्हळ नसलेल्या घराला पागोळ्या थेट जमिनीवर पडतात. कौलाच्या प्रत्येक खोलगट रेषेखाली जमिनीत एक लहानसा खळगा पडतो, आणि असे खळगे ओळीने घराभोवती फिरतात. या ओळीतली बारीक माती वाहून जाते आणि खडे उघडे पडतात. तिथून उडालेला लाल चिखल जोत्यावर आणि भिंतीवर चढतो: खाली दाट, वर तुरळक, साधारण दीड फुटावर संपणारा. पागोळीच्या अगदी खालची, वरची भिंत मात्र कोरडी आणि स्वच्छ राहते. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन टोकांखाली काळे ओघळ असतात, मध्ये नसतात, कारण पाणी टोकांवरून सांडतं. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेची बाजू पूर्वेपेक्षा जास्त हिरवी-काळी पडते. कित्येक घरांत पावसाळ्यापुरती तिकडे झापं (विणलेल्या झावळ्या) बांधतात. आपला कॅमेरा पूर्वेकडून बघतोय, तेव्हा समोरच्या भिंतीवर शेवाळ फासू नका. ते गडग्यावर (दगडी कुंपणावर), माडाच्या बुंध्यावर आणि जोत्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात जाऊ द्या.

चिखलाचा पट्टा करायला सोपा आहे. जिऑमेट्री नोडमधून पोझिशन घ्या, त्यातला झेड वेगळा काढा. मॅप रेंजमध्ये ० ते ०.४५ मीटर ही उंची १ ते ० मध्ये बदला. याला थेट मिक्सला जोडलं तर भिंतीवर रंगवलेला सरळ पट्टा येईल, म्हणून आधी नॉइझने गुणा: एक मोठा, हातभर डागांचा, आणि एक बारीक, थेंबांसारखा. बारीक नॉइझ कलर रॅम्पने कडक करा, म्हणजे वरच्या भागात सुटे शिंतोडे उरतील. मग हा मास्क (चिखल कुठे किती ते सांगणारा नकाशा) स्वच्छ जांभा आणि चिखलाचा रंग यांच्यामध्ये लावा, आणि त्यानेच रफनेसही थोडा वाढवा, कारण वाळलेला चिखल दगडापेक्षा निस्तेज असतो. जिथे पायरी जोत्याला मिळते तिथे पाणी उडत नाही; तिथला मास्क हाताने पुसा. हात फिरवलेल्या या दोन-तीन जागांमुळेच पट्टा नोडमधून आलेला वाटत नाही.

ओलं घर दाखवायचं असेल तर नुसता रफनेस कमी करून भागत नाही. सच्छिद्र दगड, माती, लाकूड पाण्याने गडद होतं, म्हणून त्यांचा बेस कलर निम्म्याच्या जवळ आणा. काच आणि लोखंड गडद होत नाही, त्यांना हात लावू नका.

कौलं

मंगलोरी कौल साधारण ४१ सेंमी लांब आणि २३.५ सेंमी रुंद असतं. चढवल्यावर एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. कौलाचं टेक्स्चर नको, एक कौल नीट बनवा आणि त्याचे इन्स्टन्स (त्याच कौलाच्या हलक्या प्रती) करा. दोन हजार इन्स्टन्सचा आजच्या संगणकाला काही भार नाही, आणि पागोळीच्या कडेला दिसणारी कौलांची नागमोडी रेषा टेक्स्चरमधून कधीच मिळत नाही. प्रत्येक कौल अर्ध्या ते एक अंशात वळवा, तीन ते पाच मिलिमीटर सरकवा. घर जुनं असेल आणि वासे लाकडी असतील तर आढं मध्ये दोन-तीन सेंटिमीटर खाली बसवा. लोखंडी ट्यूबवरचं नवं छप्पर बसत नाही, तिथे हे करू नका. जुन्या छपरावर एखादा डझन कौलं ताज्या रंगाची, एका घोळक्यात ठेवा, कारण माकडांनी किंवा नारळाने फोडलेली कौलं एका ठिकाणी बदलली जातात. स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल विसरू नका. छपराच्या कोनाड्यात आणि आढ्याच्या खाली आंब्याचा पातेरा अडकलेला असतो. पंधरा-वीस वाळकी पानं पुरतात.

खिडक्या, अंगण आणि वावर

दिवसा बाहेरून खिडकी काळोखी दिसते आणि काचेत आकाश किंवा झाड दिसतं. आत रिकामी पोकळी ठेवू नका; मागे एक भिंत, अर्धवट ओढलेला पडदा, एवढं पुरे. प्रत्येक तावदान अर्ध्या अंशाच्या आत वेगवेगळं वळवा. चार तावदानांत प्रतिबिंब सलग आलं तर ती एकच काच वाटते. तुटलं की चार तावदानं वाटतात.

अंगणात रोज चालण्याची वाट असते: पायरीपासून तुळशीपर्यंत आणि तिथून विहिरीकडे. तिथलं गवत कमी करा, माती थोडी गुळगुळीत आणि फिकट करा. गवत अंगणभर सारखं पसरू नका. ते गडग्याच्या पायथ्याला आणि दगडांच्या फटीत दाटतं, मध्ये झाडलं जातं. पडवीच्या कडेला चपलांचे दोन जोड, दोरीवर एखादा पंचा. याहून जास्त सामान मी ठेवत नाही, नाहीतर बघणारा घर सोडून सामान बघतो.

रेंडर आणि शेवटचा हात

ओपन इमेज डीनॉइझ चांगलं काम करतं, पण कमी सॅम्पलवर ते पानं आणि जांभ्याची भोकं एकमेकांत लेपून टाकतं. त्याला अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) या दोन्हींची मदत द्या, आणि झाडीच्या भागात दाणेदारपणा डोळ्याला जवळपास दिसेनासा होईपर्यंत सॅम्पल चालू द्या. मागच्या डोंगराच्या रेषेवर मिस्ट पासने (अंतरानुसार धुकं देणाऱ्या थराने) थोडा निळसर-पांढरा थर द्या. व्हिनेट (कोपऱ्यांतला काळोख), रंगांची किनार आणि ग्रेन (फिल्मसारखे दाणे) इतकेच ठेवा, की बंद-चालू करून पाहिल्यावरच फरक कळेल.

मग त्याच महिन्यात, त्याच वेळेला, तशाच घराचा फोनने काढलेला फोटो रेंडरशेजारी सारख्याच आकारात ठेवा. दोन्ही आधी कृष्णधवल करा. उन्हातली भिंत, सावलीतली भिंत, अंगण, झाडी आणि आकाश या पाच जागांचा गडद-फिकटपणा जुळतो का बघा. माझ्याकडे बहुतेकदा झाडी फिकट आणि पडवीच्या आतला काळोख कमी निघतो. ते दुरुस्त केल्यावर मगच रंग परत आणा, आणि रेंडर त्या गावात राहणाऱ्या कुणाला तरी दाखवा. घर कुठल्या महिन्यातलं आणि किती वाजताचं वाटतं, एवढंच विचारा.